लाल खुणेवरचं बटण

४ नोव्हेंबर

आई,

‘दार लावून घे, मग काय ते बोल.’

तुम्ही मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. मी तुमच्या मुलाशी लग्न करणार आहे, हे सांगायला आले होते. तो खाली जिन्यात थांबला होता. ‘तू हो पुढे, मी आलोच’ असं म्हणाला होता. तुम्ही पाठमोऱ्या होतात, हातात चिमटा होता आणि पानाआड अडकलेलं एक सुकलं फूल अलगद काढत होतात. मी दारात उभी, तोंडात पाठ केलेलं वाक्य, आणि वर तुमचं हे. मी दार लावलं. झाडांच्या त्या बिनखिडकीच्या खोलीतली ओल लगेच चष्म्यावर धरली आणि मला काहीच दिसेना. त्या आंधळेपणात जे सांगायचं ते सांगून टाकलं. बरंच झालं. तुमचा चेहरा दिसत असता तर बोलले नसते.

हे पत्र ‘आई’ असं लिहून सुरू करावं का, यात एक कागद फुकट गेला. सासूबाई असं मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. दुसरं काही म्हणायची हिंमत नाही. कागदोपत्री नातं संपलं त्याला दोन वर्षं झाली, पण माझ्या जिभेला ते अजून कुणी कळवलेलं नाही.

परवा लेकीचा फोन आला. तुमच्याकडे राहून शिकायला लागल्यापासून आपल्या दोघींमधलं टपाल तीच वाहते. म्हणाली, ‘आजीनं सांगितलंय, खोली बंद कर. झाडं वाटून टाक. हिवाळा संपेपर्यंत आवर.’

‘आणखी काय म्हणाली?’

‘एवढंच. आजी एवढंच बोलते, तुला माहितीये.’

मला माहीत आहे. खोली तुमची आहे, हेही माहीत आहे. तुम्ही जाताना किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवून गेलात, हातात दिली नाहीत. तेव्हा ती मला दिली की नुसती ठेवून गेलात, हे मी आजवर विचारलेलं नाही. पण बंद करायच्या आधी निदान ऐकून घ्या. मी हे पत्र ‘आवरते’ असं सांगायला लिहीत नाही.

खोली आजारी आहे. आतल्या भिंतीकडच्या मांडण्यांवर करडी बुरशी आली आहे. देठाच्या मुळाशी सुरू होते, आणि सकाळी पान उचलावं तर ते हातात येतं, ओल्या कागदासारखं. आणि दाराकडच्या मांडण्यांवर बरोबर उलटं. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत, कुणी मेणबत्ती फिरवल्यासारख्या. ओल जास्त झाली की बुरशी, कमी झाली की कडा जळतात, हे तुम्हीच शिकवलंत. पण एकाच खोलीत दोन्ही कसं? तुम्ही मधोमध टांगलेलं ओल मोजायचं मीटर तर म्हणतं, सगळं उत्तम आहे.

रुसूबाईला तीनच पानं उरली आहेत. तुमच्याशी खोटं बोलून उपयोग नाही, म्हणून सांगितलं.

एक गोष्ट आधीच सांगते. फुसफुश्याला मी हात लावलेला नाही. तो अजून आतल्या भिंतीच्या त्याच कोपऱ्यात बसून हवेत धुकं सोडतो, आणि तुम्ही माझ्याच नेलपेंटनं केलेल्या लाल खुणेवरच त्याचं बटण आहे. (‘तुझ्या त्या बाटलीचा एकदाचा काहीतरी उपयोग झाला’ असं म्हणाला होतात.) तुमचं बटण मी हलवलं नाही, हलवणारही नाही. बुरशी दिसल्यावर मी दुसरं यंत्र घेतलं, हवेतलं पाणी ओढून बादलीत साठवणारं. ते दाराजवळ ठेवलं आहे. त्याचं नाव ढोसऱ्या. इतकं पितो की सकाळ-संध्याकाळ बादली ओतावी लागते.

आणि हे तुम्हाला आवडेल. ते पाणी मी वाया घालवत नाही. हवेतून आलेलं पाणी, त्यात क्षार नाही की काही नाही. नळाच्या पाण्यानं फुसफुश्याच्या नळीत चुना धरतो म्हणून तुम्ही किती वैतागायचात. आता मी ढोसऱ्याची बादली उचलते आणि फुसफुश्याच्या टाकीत ओतते. नळी अगदी स्वच्छ आहे.

तुमची,
(पुढे काय लिहायचं ते अजून ठरलं नाही.)


२६ नोव्हेंबर

आई,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा धरली नव्हती, असं लिहिणार होते. पण धरली होती.

एसीवाला येऊन गेला. तोच, तुम्हाला घाबरणारा. आधी दारातून नुसती मान आत घातली.

‘मोठ्या बाई नाहीत ना?’

‘नाहीत. दार लावा.’

‘झालं. तुम्हीपण तशाच निघालात.’

मग शिडीवर चढून त्यानं सगळं उघडलं, फुंकलं, पुसलं आणि बंद केलं. ‘वहिनी, एसी ठणठणीत आहे. तुमची खोली कमी पडतेय. झाडं वाढली, झाडांचा श्वास वाढला. हे पाणी ओढणारं यंत्र आणखी मोठं घ्या.’

‘तुमचं सगळ्या रोगांवर एकच औषध. मोठं यंत्र.’

‘डॉक्टर तेच करतात, वहिनी. फक्त त्यांचं अक्षर वाचता येत नाही.’

मी हसले, पण मोठं यंत्र घेतलं नाही. मोठं यंत्र घेणं म्हणजे आपल्याला कळलेलं नाही हे जोरात सांगणं. मला कळून घ्यायचं आहे.

आता उत्तर येत नाहीच, तर मनात येईल ते लिहिते. तुम्हाला स्वयंपाकघरातली ती खिडकी आठवते? तुम्ही ती लावायचात. वारं येतं म्हणून. तुम्ही झोपायला गेलात की मी ती हळूच उघडायचे, वास जात नाही म्हणून. सकाळी तुम्ही ती पुन्हा लावलेली असायची. इतकी वर्षं त्या खिडकीवरून आपण एकदाही भांडलो नाही. एक अक्षर नाही. बाहेरून आलेला कुणीही म्हणायचा, काय हो सासू-सुनेचं जमतं. जमत होतंच. त्या घरात कुणी कुणाचं म्हणणं खोडत नसे. ज्याला पटायचं नाही तो मागाहून, पाय न वाजवता, ते उलटवून ठेवायचा.

तुमच्या मुलानं संसारही तसाच उलटवला. आवाज न करता. पण त्याच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

तुमच्याबद्दल मात्र लिहीन. तुम्ही त्याच्याबरोबर निघालात त्या दिवशी सामान खाली गेलं, गाडी सुरू झाली, तुम्ही खोलीत एक चक्कर मारून आलात, आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. ना ‘येते’, ना ‘सांभाळ’. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. मला वाटलं, हेच तुमचं उत्तर. पोटच्या पोराची बाजू.

असो. रुसूबाई.

तुम्ही दोन बिगोनियांचा संकर करून, बी धरून ती तयार केलीत, तेव्हा मी नवी होते. उगवलेल्या रोपांमधलं हे एकच वेगळं निघालं, पानाच्या पोटात जांभळी आणि पाठीवर चांदीचे ठिपके. तुम्ही कुंडी एवढीशी फिरवली तरी ती आठवडाभर पानं पाडून बसायची. ‘रुसूबाई आहे नुसती, हिला नवरा कोण देणार’ असं म्हणत तुम्हीच तिच्यासाठी दिव्याखालची सगळ्यात चांगली जागा राखायचात. तिच्यासारखी दुसरी कुठं नाही. म्हणजे ती गेली की गेलीच.

तीनपैकी दोन पानं मी कापून लावली. शिरेवर चिरा देऊन, ओलसर शेवाळावर पसरून, वर झाकण ठेवून, तुम्ही शिकवलंत तसंच. दोन्ही कुजली. एक पान राहिलं आहे. ते कापायचं धाडस होत नाही, आणि न कापून ते वाचणार नाही. पण आधी हवा सुधारल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. या हवेत लावलं तर तिसरंही कुजेल. हवा कशानं बिघडली आहे ते मी शोधणार आहे, आणि ते सापडेपर्यंत खोली बंद होणार नाही.

तुमची


१७ डिसेंबर

आई,

पार्सल मिळालं. लोकरीचा एक मोजा, एकच. मोज्यात वर्तमानपत्र, त्यात तुमचा तो जुना जोड थर्मामीटर. चिठ्ठी नाही. मी मोजा उलटा करून झटकला, पार बोटांपर्यंत हात घालून पाहिला. आता हसू येतं. तुम्हाला काही लिहायचं असतं तर मोज्यात कशाला कोंबलं असतं.

लेकीला फोन लावला. ‘आजी काही म्हणाली?’

‘काही नाही. पण कुरियरवाल्याकडे मला दोनदा परत पाठवलं. आधी म्हणे, काच आहे असं लिहून ये. मग म्हणे, वरची बाजू कुठली तेही लिहून ये. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी कानात हेडफोन घातले.’

मग मी तो थर्मामीटर स्वच्छ केला. पाटी तीच, पाटीवर दोन नळ्या, एकीच्या तळाला कापडाची वात आणि वात पाण्याच्या बुटकुल्यात. वात मात्र सुकून काठी झाली होती. जुन्या बनियनची पट्टी कापून नवी घातली. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी भराभर उडतं आणि ती नळी गार पडून तिचा पारा खाली उतरतो. हवा ओली असली की दोन्ही नळ्यांतला पारा सारख्याच उंचीवर राहतो. तुम्ही म्हणायचात, ‘दोघींत अंतर किती ते बघ, बाकी आकडे विसर.’

मधलं मीटर छताला पक्कं टांगलेलं. ते काही हलत नाही. पण ही पाटी हातात घेऊन फिरता येते. मी ती आतल्या भिंतीपाशी धरली आणि वाट पाहिली. दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्या. म्हणजे हवा भिजलेली. दाराजवळ धरली, तर वातीची नळी धाडकन खाली. मधे धरली, तर मधलंच काहीतरी. एका खोलीत तीन हवा. आत पावसाळा, दारात दुष्काळ. आणि ते मधलं मीटर बिचारं दोन्हीकडचं ऐकून घेऊन म्हणायचं, सगळं उत्तम आहे. त्याला दोष देत नाही. मधे टांगलेल्यानं दुसरं काय म्हणायचं. क्षणभर तुमच्या मुलाची कीव आली. क्षणभरच.

पण अशा तीन हवा झाल्या कशा, ते कळेना. ते कळलं बुधवारी दुपारी, आणि ते सांगताना मला थोडी लाज वाटणार आहे. तुम्ही खुर्चीत बसून वाचा.

मी ढोसऱ्याची बादली काढून फुसफुश्याकडे निघाले होते, आणि वीज गेली. खिडक्या नाहीत, त्यामुळे मिट्ट काळोख. बादली सांडेल म्हणून मी होते तिथं उभी राहिले. सगळी यंत्रं गप्प. त्या खोलीत मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. पानावरून थेंब पडला तर तोही ऐकू आला. मग वीज आली. एका टोकाला फुस्स झालं. दुसऱ्या टोकाला घर्र झालं. दोन्ही एकदम. आणि मी मधे उभी, हातात भरलेली बादली घेऊन.

तेव्हा मला दिसलं.

ढोसऱ्याला मी सांगून ठेवलं होतं, ओल साठ टक्क्यांच्या वर गेली की ओढ. फुसफुश्याला तुम्ही सांगून गेला होतात, पंचाहत्तरच्या खाली आली की सोड. दोघंही आज्ञाधारक. त्यामुळे एक सोडत होता, दुसरा ओढत होता, आणि दोघांनाही वाटत होतं की आपलं काम अजून संपलेलं नाही. आणि दुसऱ्यानं ओढलेलं पाणी बादलीतून नेऊन पहिल्याला पाजायला मी होतेच. सकाळी आणि संध्याकाळी. तेच पाणी, आई. महिन्याहून जास्त तेच पाणी खोलीत गोल फिरत होतं, आणि मी त्याची हमाल होते. वर तुम्हाला कौतुकानं लिहिलं, नळी कशी स्वच्छ आहे.

मी बादली खाली ठेवली आणि एका पालथ्या क्रेटवर बसून हसले. एकटीच. हसता हसता त्याचं दुसरं काहीतरी झालं, पण ते सोडा.

खरं सांगायचं तर नवं यंत्र आणायची गरजच नव्हती. तुमचं बटण थोडं मागे फिरवलं असतं तरी पुरलं असतं. पण ते तुमचं बटण. ते फिरवणं म्हणजे तुम्हाला ‘नाही’ म्हणणं. त्यापेक्षा मी बाजारात गेले, जड यंत्र जिन्यावरून वर चढवलं, आणि तुम्ही सांगितलेलं तसंच ठेवून ते दुसऱ्या टोकाकडून उलटवायला घेतलं. पाय न वाजवता. ती स्वयंपाकघरातली खिडकीच की.

त्याच संध्याकाळी बटणापाशी गेले. हात पुढे केला आणि मागे घेतला. चाळिशी ओलांडलेली, आपलं आपण कमावणारी बाई एका प्लॅस्टिकच्या बटणाला भिते, हे एसीवाल्यानं पाहिलं असतं तर गावभर केलं असतं. मग मी मोठ्यानं म्हटलं, ‘आई, मी हे फिरवते आहे.’ आणि फिरवलं.

लाल खूण पुसलेली नाही. ती तिथंच आहे. बटणावरचा बाण आता तिच्या अलीकडे थांबतो, मधे बोटभर जागा सोडून.

आणि तुमची खूण चुकीची होती असं समजू नका. मी त्यावरही विचार केला. तुमच्या वेळी इथे ट्यूबलाइट होते, आणि त्यांचे ते गरम चोक. खोली उबदार असायची, तेवढी ओल झाडं सहज पेलायची. मी गेल्या वर्षी नवे दिवे लावले. वीज कमी खातात, पण थंड आहेत. ऊब गेली, ओल तेवढीच राहिली. म्हणजे खूण बरोबर होती. खोली बदलली आणि खुणेला कुणी सांगितलं नाही.

तुमची


९ जानेवारी

आई,

आधी वाईट बातमी. रुसूबाई गेली. मूळ झाड गेलं. बुरशी खोडात उतरली होती, मला उशिरा कळलं. तिची कुंडी मी धुऊन पालथी ठेवली आहे, टाकलेली नाही.

पण शेवटचं पान मी त्याआधी कापलं होतं. बटण फिरवल्यावर आठ-दहा दिवस हवा सारखी राहते का ते पाहिलं, आणि मग कापलं. ते कुजलं नाही. परवा भिंगातून पाहिलं तर शिरेवरच्या चिरेतून एक ठिपका वर आलाय, डाळीच्या दाण्याएवढा. पाठीवर चांदी आहे का, ते इतक्यात कळणार नाही. मला वाटतं, आहे.

आता खोलीचं सांगते. दोन्ही यंत्रांमध्ये मोठी फट ठेवली आहे. एक थांबला की दुसऱ्याला बराच वेळ काम नसतं. बहुतेक वेळ दोघंही गप्प असतात. फुसफुश्याला कोपऱ्यातून काढून मधे घेतलं. आणि लहान पंखे लावले, झाडांवर रोखून नाही, भिंतींच्या कडेनं, म्हणजे हवा खोलीभर फेरी मारते आणि कुठल्याही कोपऱ्यात तुंबत नाही. प्रत्येक मांडणीला टिश्यू पेपरची एक पट्टी टांगली आहे. पट्टी नुसती थरथरली पाहिजे. फडफडली तर वारा जास्त, निपचित लोंबली तर कमी. दिवे मालवल्यावर खोली गार होते आणि पानांवर दव धरतं, म्हणून मालवण्याआधी थोडा वेळ बाहेर हवा फेकणारा पंखा चालवते. तेवढा वेळ दाराखालच्या फटीतून वारं येतं. तुम्ही असता तर ओरडला असतात. मी चालवते.

दाराकडच्या झाडांना नवी पानं फुटली आहेत. त्यांच्या कडा हिरव्या आहेत.

लेक सुट्टीला आली होती. आत आली आणि थबकली. ‘आई, इथे गालाला वारा लागतो.’

‘लागायलाच हवा.’

‘आधी इथे आलं की कुणाच्या तरी तोंडासमोर उभं राहिल्यासारखं वाटायचं.’

मग क्रेटवर बसून पाय हलवत ती बोलत राहिली. तुमच्या नव्या घरात एकही झाड नाही म्हणाली. खिडकीत जागा आहे, ऊन येतं, पण तिथं तुम्ही इस्त्रीचे कपडे ठेवता. आणि मी फोन ठेवला की दर वेळी तुम्ही तिला एकच प्रश्न विचारता.

‘कोणता?’

‘दार लावते का ती?’

‘मग तू काय सांगतेस?’

‘सांगते, लावते. मग ती पेपर उघडते. परवा उलटा धरला होता.’

मी थोडा वेळ पंख्याचा स्क्रू घट्ट करत बसले. तो घट्टच होता. मग विचारलं, ‘इतकं आहे तर मग खोली बंद कर असं का सांगितलं?’

‘मला वाटलं तुला कळलं असेल. ती म्हणाली, माझ्यापायी ती पोर तिथं अडकून पडलीये. माझी झाडं म्हणून जिवाचं रान करतेय. मी सांगितल्याशिवाय ती सुटायची नाही.’

‘हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?’

‘तिनं बजावलं होतं, फक्त एवढंच सांग, पुढचं बोलू नकोस. मी काय, बादली आहे. एकीकडे भरायचं, दुसरीकडे जाऊन ओतायचं.’

आई, म्हणजे तुम्ही मला सोडवत होतात. मला न सांगता. आणि मी तुमच्यासाठी खोली धरून बसले होते, तुम्हाला न विचारता.

म्हणून आता सरळ लिहिते, उलट बाजूनं काहीही न करता. पहिलं वर्ष मी ही खोली तुमच्यासाठी सांभाळली, हे खरं आहे. तुम्ही परत याल आणि सगळं जागच्या जागी दिसलं पाहिजे, असं वाटायचं. तो हट्ट होता, थोडासा रागही होता. आता तसं नाही. सकाळी दार लावते, दिवे लागतात आणि पट्ट्या थरथरायला लागतात, तेव्हा मला दुसरं कुठंही असावंसं वाटत नाही. मी अडकलेली नाही. मला ही खोली हवी आहे. माझी म्हणून हवी आहे. तुमची आठवण म्हणून नाही. तुम्हाला हे देववत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, मी दुसरी जागा बघेन. पण झाडं वाटणार नाही.

लेक निघताना रुसूबाईचा ठिपका तुमच्यासाठी मागत होती. डबीतून नेईन म्हणाली. मी दिला नाही.

तुमची


२ फेब्रुवारी

आई,

निरोप मिळाला. ‘ठेव म्हणावं खोली. पण मला आता झाडांच्या गोष्टी लिहू नकोस.’ लेकीनं तुमच्या आवाजात म्हणून दाखवला. शेवटी मोठा श्वास घेतला तोही घातला.

खोलीबद्दल काय वाटलं, ते मी लिहायला गेले तर कागद पुरणार नाही. ठेवते. सांभाळते असं म्हणत नाही, ठेवते.

झाडांबद्दल शेवटचं. ठिपक्याला दोन पानं आली आहेत, नखाएवढी. पोटात जांभळी. पाठीवर चांदी आहे. झाकणाखालच्या ओलीत वाढलेलं रोप एकदम उघडं केलं की मान टाकतं, म्हणून मी रोज झाकण थोडं थोडं सरकवते. काल पहिल्यांदा अर्ध्यावर ठेवलं. ती रुसली नाही. नवी आहे, शिकेल रुसायला.

आता एक मागते. एक दिवस इकडे या.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. गुडघे, तीन जिने, थंडी, आणि ‘मी येऊन काय करणार’. तुमच्या मुलाला काय वाटेल, हे तुम्ही म्हणणार नाही, पण तेही असेल. मग मोज्यात गुंडाळून काहीतरी पाठवाल, कदाचित दुसरा मोजा. तुम्ही नाही म्हणाल हे धरूनच मी मागते आहे. न मागता उलट बाजूनं काहीतरी करून बघायचं मी आता सोडलं आहे.

तुम्हाला बटण दाखवायला बोलावत नाही. ते मी परत खुणेवर आणणार नाही. तुम्हाला ते पटलं नाही तर तसं तोंडावर सांगा, मी तोंडावर उत्तर देईन, आपण दोघी एकदाच्या भांडू. आणि त्या दिवशी, गाडी खाली उभी असताना, तुमच्या मनात जे होतं आणि तुम्ही बोलला नाहीत, तेही सांगा. माझ्या बाजूचं नसलं तरी चालेल. मी ऐकून घेईन.

एसीवाला तुम्हाला खुर्चीत बसवून वर आणायला तयार आहे. घाबरत का होईना. चष्म्यावर ओल धरेल, तेव्हा पहिली काही मिनिटं तुम्हाला माझा चेहरा दिसणार नाही. त्याचा उपयोग होतो, मी अनुभवानं सांगते.

तुम्ही आत आलात की दार मी लावून घेईन. मग काय ते बोला.

तुमची सून